कोळशावरील धुरीचें पिंप : घरच्या घरीं जुळविण्याचा पाठ

धूर आणि शेतकरी यांचा संबंध नवा नाहीं. बियाण्याकरितां राखलेलीं मक्याचीं कणसें चुलीच्या वर टांगून ठेवण्याची चाल आपल्या वाडवडिलांपासून चालत आली आहे. धुरानें कीड दूर राहते व दाणा कोरडा राहतो, हें त्यांस पुस्तकावांचून ठाऊक होतें. इतर देशांतील लोकांनीं हीच विद्या खाद्यपदार्थांस लाविली. स्पेन देशांत ला व्हेरा प्रांतीं मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून त्यांची पूड करितात. मेक्सिकोंत पिकलेली मिरची धुरावर सुकवून वर्षभर वापरतात. अमेरिकेंत मांस व मासे झांकणाच्या शेगडींत सावकाश शिजविण्याचा प्रघात मोठा आहे. शिकागो येथें धातुकामाच्या कारखान्यांत असलेले जॉर्ज स्टीफन यांनीं १९५२ सालीं पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचा अर्धा गोल घेऊन झांकणाची शेगडी बनविली, व तेथून या प्रकारास घरोघरीं स्थान मिळालें. पुढें तिकडील हौशी कारागीर तेलाच्या उभ्या पिंपापासूनच हें साधन घरीं तयार करूं लागले. त्याच पिंपाची जुळणी कशी करावी, हें आज सांगावयाचें आहे.

ज्यांच्या शेततळ्यांत मासे आहेत, ज्यांनीं परसांत कोंबड्या पाळल्या आहेत, किंवा ज्यांस मिरची, कांदा, पनीर यांस धुराची रुचि द्यावयाची आहे, अशा सर्वांस हें साधन उपयोगी आहे. तयार संच बाजारांत मिळतात. त्यांचीही जुळणी याच तत्त्वावर होते. तत्त्व एकच आहे, आणि तें आरंभींच सांगून ठेवतों : विस्तव कोळशावर जळतो, पण चालतो हवेवर. जी हवा आपण होऊन देऊं तेवढीच आंत गेली, तर विस्तव आपल्या हुकुमांत राहतो. जी हवा चोरवाटेनें शिरेल ती विस्तवाची मालक होते. म्हणून जुळणीचें सारें कौशल्य हवेचे मार्ग ठरविण्यांत व बाकीचे बुजविण्यांत आहे.

१. पिंपाची निवड

सुमारें २०० लिटरचें, ५७ ते ५८ सेंटीमीटर व्यासाचें व ८८ सेंटीमीटर उंचीचें पोलादी पिंप घ्यावें. तें उघड्या तोंडाचें, म्हणजे सबंध झांकण निघणारें असावें. शक्य तर नवें, आणि आंतून रंग किंवा लेप नसलेलें मागून घ्यावें. जुनेंच घ्यावयाचें असल्यास त्यांत पूर्वीं खाद्यतेल, काकवी यांसारखा खाण्याचा पदार्थ होता अशी खात्री करून घ्यावी.

येथें शेतकरी बंधूंस कळकळीची विनंती आहे. आपल्या गोठ्यांत कीटकनाशकाचीं, तणनाशकाचीं किंवा रसायनांचीं रिकामीं पिंपें पडलेलीं असतात. तीं कितीही धुतलीं, कितीही जाळलीं, तरी या कामास घेऊं नयेत. दुसरें असें कीं, बंद तोंडाचें तेलाचें पिंप गॅसच्या ज्योतीनें किंवा कटरनें कापावयास देऊं नये. तळाशीं राहिलेल्या तेलाची वाफ ठिणगीनें पेट घेते व पिंप फुटून माणूस दगावतो. उघड्या तोंडाचें पिंप घेतल्यास कापण्याचा प्रसंगच येत नाहीं.

२. साहित्य

मीं नोकरींत असतांना दप्तर ताब्यांत घेण्यापूर्वीं यादीवरून एकेक बाब मोजून घेत असें. तीच संवय येथें ठेवावी. पुढील वस्तु अंगणांत मांडून, यादीशीं ताडून, मगच हत्यार हातीं घ्यावें.

(१) पिंप व त्याचें झांकण. (२) २ सेंटीमीटर आंतील व्यासाचे, १० सेंटीमीटर लांबीचे, आटे पाडलेले काळ्या लोखंडाचे चार तुकडे, त्यांचे नट, तिहींस टोपणें व एकास कॉक. (३) ५ सेंटीमीटर व्यासाची, १५ सेंटीमीटर लांबीची नळी धुराड्याकरितां, व तिच्यावर सरकणारी पत्र्याची चकती. (४) जाळीच्या पत्र्याची कोळशाची टोपली : व्यास ३५ व उंची २० सेंटीमीटर, खालीं ८ सेंटीमीटरचे तीन पाय. (५) राख धरण्यास उथळ लोखंडी परात. (६) पदार्थ ठेवण्याची ५५ सेंटीमीटर व्यासाची सळयांची जाळी. (७) जाळी टेकविण्यास चार लांब बोल्ट, नट व वायसर. (८) ३०० अंशांपर्यंत मोजणारा, तबकडीचा थर्मामीटर. (९) झांकणास लांकडी मूठ.

या वस्तूंपैकीं कोणतीही जस्त चढविलेली नसावी. दुकानदार जी. आय. पाईप पुढें करील, कारण तो गंजत नाहीं. पण विस्तवाजवळ तापलेल्या जस्ताचा धूर छातींत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. काळा पाईपच मागावा. तसेंच झांकणाच्या फटींत बसविण्यास कोणी ॲस्बेस्टॉसची दोरी देऊं लागल्यास ती घेऊं नये. तिचे तंतु फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग होतात. काचतंतूची दोरी मिळते, ती चालते. मात्र ती पदार्थाच्या बाजूस उघडी न राहील अशी झांकणाच्या कडेखालीं बसवावी.

३. भोंकें व जोडणी

पिंपाच्या तळापासून ५ सेंटीमीटर उंचीवर, चारही दिशांस एकेक, अशीं चार भोंकें ड्रिलनें पाडावींत. त्याहून खालीं पाडल्यास राखेनें बुजतात. भोंकाची कड कानशीनें साफ करावी. प्रत्येकांत काळ्या पाईपाचा तुकडा घालून आंतून व बाहेरून नटानें आवळावा. तिहींस टोपणें व चवथ्यास कॉक लावावा. हे चार हवेचे झरोके झाले.

वरच्या कडेपासून १८ सेंटीमीटर खालीं चार बोल्ट समान अंतरावर आंत डोकावतील असे बसवावे. त्यांवर जाळी टेकेल. अशा रीतीनें टोपलीचा तळ व जाळी यांमध्यें सुमारें ६० सेंटीमीटर अंतर राहतें. तें कमी केल्यास पदार्थाची खालची बाजू करपते. जाळीच्या पातळीस पिंपाच्या अंगांत एक भोंक पाडून तेथें थर्मामीटर घट्ट बसवावा. झांकणावरचा थर्मामीटर वरची उष्णता सांगतो, पदार्थाजवळची नव्हे.

झांकणावर कडेच्या बाजूस धुराड्याची नळी बसवावी. आतां हिशेब पाहूं. २ सेंटीमीटर व्यासाच्या एका झरोक्याचें क्षेत्रफळ सुमारें ३.१ चौरस सेंटीमीटर. चार मिळून साडेबारा. ५ सेंटीमीटर व्यासाच्या धुराड्याचें सुमारें साडेएकोणीस. येणाऱ्यापेक्षां जाणाऱ्याची वाट मोठी राहिली पाहिजे. ती लहान झाल्यास धूर आंत कोंडतो, पदार्थावर काळा कडू लेप बसतो, आणि अर्धवट जळलेला वायु फटींतून बाहेर पडतो. म्हणून विस्तव चालू असतांना धुराडें सदैव पूर्ण उघडें. नियमन करावयाचें तें खालच्या झरोक्यांनीं. झांकणाची आवळपट्टी विस्तव चालू असतांना कधींही लावूं नये.

बोल्ट प्रथम सर्व हातानें फिरवून बसवावे, व सर्व जागेवर आल्यावरच पान्ह्यानें आवळावे. एकेक पुरता आवळीत गेल्यास शेवटच्याचें भोंक जुळत नाहीं, व मग माणूस हातोडा घेतो. तयार संच जुळविणारानेंही हा नियम विसरूं नये.

४. रिकामी जाळणी

जुळणी झाली म्हणजे काम झालें, असें मला वाटलें होतें. आमच्या गांवच्या मिस्त्रीनें बजावलें, "भाऊसाहेब, आधीं एकदां रिकामें जाळा." मीं त्याचें ऐकलें नाहीं, व शेततळ्यांतील तीन किलो रोहू पहिल्याच दिवशीं आंत ठेवला. यंत्रावरच्या तेलाचा व रंगाचा वास त्यास असा लागला कीं, कुत्र्यानेंही तोंड लाविलें नाहीं. सबब रीत सांगतों.

थर्मामीटर, कॉक व झांकण काढून पिंप उघड्या जागीं ठेवावें, आणि आंत सुक्या लांकडांचा मोठा जाळ तासभर करावा. आंतील रंग, लेप व तेल जळून पापुद्रे सुटतात. त्या वेळीं धुराच्या बाजूस उभें राहूं नये. थंड झाल्यावर तारेच्या ब्रशानें लख्ख घांसावें, धुवावें व उन्हांत वाळवावें. कोठें लेप राहिला असल्यास पुन्हां जाळावें. बाहेरून रंग द्यावयाचा तर उष्णता सोसणाराच द्यावा. आंतून कोणताही देऊं नये. नंतर आंतल्या अंगास खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून, सर्व भाग जागेवर बसवून, कोळशाचा विस्तव करून १३० ते १५० अंशांवर तीन तास रिकामेंच चालवावें. तेल भाजून काळसर कवच धरतें. तव्यास जसा आपण कस आणतों तसाच हा प्रकार आहे. या कवचानें गंज टळतो.

५. गळतीची परीक्षा

याच रिकाम्या विस्तवावर दुसरी परीक्षा उरकून घ्यावी. आंत ओल्या लांकडाचा एक तुकडा टाकून धूर करावा, धुराडें क्षणभर चकतीनें झांकावें, व पिंपाभोंवतीं हिंडून धूर कोठून निघतो तें पाहावें. जेथें निघेल तेथें खडूनें खूण करावी. नटाजवळ निघाल्यास आवळावें. झांकणाच्या कडेस निघाल्यास कड ठोकून सरळ करावी किंवा दोरी बसवावी.

शेवटीं चारही झरोके व धुराडें बंद करावें. अर्ध्या ते पाऊण तासांत कांटा उतरूं लागला, तर जोडणी चांगली. उतरला नाहीं, तर चोरवाट कोठें तरी आहे, व ती सांपडेपर्यंत पदार्थ आंत ठेवण्याची घाई करूं नये. जोडणी पक्की असल्यास काम संपल्यावर विस्तव याच रीतीनें विझवितां येतो व उरलेला कोळसा पुढील वेळीं कामास येतो.

६. कोळसा, लांकूड व विस्तव

आपल्या भाषेंत कोळसा हा शब्द दोन वस्तूंस लावतात, म्हणून स्पष्ट सांगणें अवश्य आहे. येथें लांकडाचा लोणारी कोळसाच घ्यावयाचा; दगडी कोळसा मुळींच नाहीं. त्यांत गंधक व इतर विषारी द्रव्यें असतात. कोळसा कोरडा, खणखणीत वाजणारा असावा. पेटविण्यास रॉकेल वापरूं नये. त्याचा वास पदार्थांत उतरतो.

टोपलींत तीन किलो कोळसा भरावा. दहाबारा खडे वेगळ्या शेगडींत लाल करून चिमट्यानें मध्यभागीं वर ठेवावे. मग टोपली परातीसह आंत ठेवून झांकण घालावें. सर्व झरोके उघडे ठेवावे. कांटा ९५ अंशांवर येतांच दोन झरोके बंद करावे, व पुढें तिसराही बंद करून एकट्या कॉकनें ११० ते १३० अंश राखावे. उष्णता चढतांना आंवरणें सोपें, चढल्यावर उतरविणें कठीण. कॉक किंचित् फिरवून दहा-पंधरा मिनिटें वाट पाहावी. दर मिनिटास फिरविणारास विस्तव दाद देत नाहीं. झांकण वारंवार उघडल्यास आंत एकदम हवा शिरून विस्तव भडकतो.

धुराकरितां मुठीएवढे दोन-तीन सुके तुकडे निखाऱ्यांत ठेवावे. पेरू, बाभूळ, चिंच, संत्रें यांचें लांकूड चांगलें. कण्हेर, बिब्बा, थोर व शेर यांचें एक काडकेंही नको. कण्हेर व शेर विषारी आहेत आणि बिब्ब्याचा धूर अंगास उततो. रंग दिलेली फळी, प्लायवूड, तसेंच नुकतीच औषध-फवारणी झालेल्या बागेंतील छाटण वर्ज्य समजावें. दाट पांढरा धूर हा अपक्व विस्तवाचा. त्यानें पदार्थ कडू होतो. धूर विरळ व निळसर झाला म्हणजे पदार्थ आंत ठेवावा.

७. जागा

हें प्रकरण सर्वांत महत्त्वाचें असून, तें मीं चुकीनें शिकलों. गेल्या वैशाखांत आमच्या अंगणांत पिंप चालू असतांना वळवाची सर आली. कोंबडीचा माल भिजूं नये म्हणून मीं झरोके व धुराडें बंद केलें, पिंप मुलाच्या मदतीनें पडवींत ओढलें, व झड आंत येऊं नये म्हणून ताडपत्री सोडली. पिंपांतून धूर येत नव्हता; त्यामुळें विस्तव विझला असेंच मीं समजलों. घरांतील मंडळी तेथेंच धान्य निवडीत बसली होती व नातू जवळ खेळत होता. वीसएक मिनिटांनीं नातू म्हणाला, "आजोबा, डोकें दुखतें," आणि भिंतीस टेकून बसला. मंडळीस मळमळूं लागलें. मला वाटलें, उकाड्यानें झालें असावें. मीं पाणी आणावयास उठलों तों माझेच गुडघे लटपटले. तेव्हां मुलानें ताडपत्री फाडून टाकली व सर्वांस पावसांत बाहेर काढलें. आरोग्य केंद्रांत नातवास प्राणवायु लाविला. सायंकाळपर्यंत तो सावध झाला. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

कोळसा पुरेशा हवेवांचून धुमसला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, धूरही दिसत नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणाऱ्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट जडतो, व माणूस श्वास घेत असतांनाच आंतून गुदमरतो. डोकेंदुखी, मळमळ, भोंवळ व पायांतील शक्ति जाणें हीं त्याचीं लक्षणें. एकाच जागीं बसलेल्या दोघांतिघांस तीं एकदम झाल्यास दुसरें कारण शोधीत बसूं नये. सर्वांस मोकळ्या हवेंत काढावें व दवाखान्यांत न्यावें. झरोके बंद केल्यानें हा वायु थांबत नाहीं. कोळसा निखारलेला असेतों तो निर्माण होतच राहतो. थंडींत बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांचा अंत याच वायूनें होतो.

म्हणून पिंपाची जागा उघड्या आकाशाखालीं, घरापासून, गोठ्यापासून व कडब्याच्या गंजीपासून दूर, तीन विटांवर, सपाट मातीवर असावी. पाऊस आला तर माल भिजूं द्यावा. पिंप पडवींत, गोठ्यांत, शेडमध्यें किंवा ताडपत्रीखालीं आणूं नये. काम संपल्यावरही तें रात्रभर बाहेरच राहूं द्यावें. राख दुसऱ्या दिवशीं, पाणी घालूनच टाकावी.

८. पहिला पदार्थ व एक इशारा

प्रथम मोठा माल न ठेवतां कोंबडीच्या चार तंगड्या ठेवून पाहाव्या. त्यांस मीठ-मसाला लावून दीड ते दोन तास १३० अंशांवर ठेवाव्या. शिजल्या कीं नाहींत हें रंगावरून ठरवूं नये. धुरानें मांस आंतून गुलाबी दिसतें. टोंचणीचा थर्मामीटर हाडास न टेकवितां जाड भागांत खुपसावा. कोंबडी आंतून ७४ अंश, मासा ६३ अंश झाला पाहिजे.

कित्येकांची समजूत अशी कीं, धुरी दिलेला पदार्थ बाहेर कितीही दिवस टिकतो. या पिंपांत पदार्थ शिजतो व त्यास रुचि येते. तो खारवून कडकडीत वाळत नाहीं. म्हणून तो त्याच दिवशीं खावा, किंवा शीतपेटींत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. १९६३ सालीं अमेरिकेंतील मोठ्या सरोवरांतील धुरी दिलेले मासे हवाबंद पाकिटांतून विकले गेले. ते खाऊन बोट्युलिझमच्या विषबाधेनें माणसें दगावलीं. हा माल पिशव्यांत कोंबून बाजारीं नेण्याचा मोह कोणी धरूं नये. तसेंच असें मांस नित्य खाणें हितकर नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१५ सालीं धुरी, मीठ इत्यादींनीं संस्कारित केलेलें मांस माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणलें आहे. सणावारीं, पाहुण्यांत, हौसेनें खावें. रोजच्या ताटांत नको.

जुळणीस दोन माणसांचे दोन दिवस पुरतात; पैकीं एक दिवस रिकाम्या जाळणीचा व परीक्षेचा. तो दिवस वांचवूं पाहणारा माझ्यासारखा तीन किलो मासे गमावतो. जागेविषयींचा नियम मोडणारा त्याहून कितीतरी अधिक गमावून बसेल. माझें गेलें नाहीं, हें दैव. वाचकांनीं दैवावर न जातां पिंप अंगणांतच ठेवावें, व आपणांस आलेला अनुभव या मासिकाकडे लिहून कळवावा.